मायना आणि मुद्रा

व्यक्तीचे छायाचित्र आणि व्यक्तीची खाजगी पत्रे यांच्याकडे पाहण्याची एक ठरून गेलेली रीत आपल्या वाङ्मयाभ्यासात दिसते. छायाचित्र ही लोकांसाठी धारण केलेली मुद्रा. पत्र हा त्या मुद्रेमागच्या माणसाचा खरा आवाज, अशी ती वाटणी आहे. चरित्रग्रंथांची रचनादेखील या वाटणीला अनुसरूनच होते. आरंभी गुळगुळीत कागदावर चरित्रनायक उभा असतो. परिशिष्टात त्याची पत्रे येतात. आणि जाणकार वाचक मुखपृष्ठाकडे थोड्या संशयाने व परिशिष्टाकडे विश्वासाने पाहतो. एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरित मराठी माणसांच्या बाबतीत तर हा विश्वास अधिकच दृढ असतो. त्यांनी छापून प्रसिद्ध केलेली आत्मनिवेदने प्रचारासाठी लिहिली गेली, असा आक्षेप पूर्वीपासून आहे. तेव्हा खरे काय घडले हे त्यांच्या पेटीतल्या पत्रांतच सापडेल, अशी अपेक्षा अभ्यासक बाळगून असतो. ही अपेक्षा कितपत रास्त आहे, याचा विचार एका कुटुंबाच्या संग्रहाच्या निमित्ताने करता येण्यासारखा आहे.

हे कुटुंब विठ्ठलवाडीला राहते. कल्याण आणि उल्हासनगर यांच्यामधले हे स्थानक कर्जतकडे जाणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांना नावानेच ठाऊक असते. गाडी क्षणभर थांबते आणि पुढे जाते. कुटुंब मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले (आज तो अहिल्यानगर झाला आहे), अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. नोकरीच्या निमित्ताने दोन पिढ्यांपूर्वी ते इकडे आले. घरात एक निवृत्त शिक्षिका, त्यांचे धाकटे बंधू व भावजय आणि बंधूंची मुलगी. मुलगी मराठी विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करते. घरातील पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत कापडी पाठीचा एक आल्बम आणि मांजरपाटात बांधलेले पत्रांचे गाठोडे आहे. इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करण्याची नोटीस लागली, भाड्याची जागा लहान मिळाली, आणि इतकी वर्षे कोणी न विचारलेला प्रश्न विचारणे भाग पडले: या पेटीचे काय करायचे?

आल्बममध्ये सहा पाद्री आहेत. दोघे गोरे, तिघे एतद्देशीय. सहाव्याचा चेहरा इतका फिकट झाला आहे की त्याच्याविषयी काही सांगता येत नाही. तिघांपैकी एक या कुटुंबाचा मूळपुरुष. घरात त्यांना ‘पाळकबाबा’ म्हणतात. गाठोड्यात त्रेचाळीस पत्रे आहेत. त्यांतील बहुतेक पाळकबाबांनी मुंबईस शिकणाऱ्या आपल्या मुलाला लिहिलेली, काही सहकारी पाळकांची, चार इंग्रजी आणि दोन अगदी जुनी, पत्नीला लिहिलेली. एक-दोन अपवाद वगळता सर्व मराठी पत्रे मोडीत आहेत. पाळकबाबांच्या पत्नीचे, घरच्या भाषेत ‘पाळकीणआजीं’चे, छायाचित्र आल्बममध्ये नाही; कुठेच नाही.

या वस्तू ज्या काळाने घडवल्या त्याचे एक वर्ष निवडायचे झाले तर ते १८५४ निवडावे लागेल. त्या वर्षी पॅरिसमध्ये दिस्देरी या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तोवर धनिकांपुरते असलेले व्यक्तिचित्र त्यामुळे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच अशा पुठ्ठ्यावर, डझनाच्या हिशेबाने मिळू लागले. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला; आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांसारखे एतद्देशीय छायाचित्रकार लवकरच पुढे आले. त्याच १८५४ च्या मे महिन्यात लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अर्ध्या आण्याचे तिकीट लावून पाव तोळ्याचे पत्र कंपनीच्या मुलुखात कोठेही धाडण्याची सोय झाली. आणि त्याच वर्षी बेळगावात बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. पण त्या एकाच पिढीच्या वाट्याला आल्या, हे महत्त्वाचे आहे. धर्मांतराने ज्याचे घर तुटले, त्याच माणसाला त्याच काळात दूरच्या माणसाशी बोलण्याची दोन नवी साधने मिळाली: स्वस्त टपाल आणि स्वस्त चेहरा. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वडिलार्जित मालमत्तेतील हक्क राखला होता. पंगतीतले पान मात्र कोणत्याही कायद्याला राखता येण्यासारखे नव्हते. ज्यांच्या पंगतीला बसता येत नाही त्यांना पत्र लिहिता येते आणि त्या पत्रात आपला चेहरा घालून पाठवता येतो. एतद्देशीय पाळकांच्या घरांत पत्रे आणि छायाचित्रे अशी जोडीने सापडतात, ती या दृष्टीने पाहिली पाहिजेत.

कल्याणच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पुढे रेव्हरंड झालेले नारायण वामन टिळक यांचे बालपणीचे शिक्षण १८६८ ते १८७३ या काळात कल्याणात झाले. वारकरी अभंगाच्या घाटात ख्रिस्तभक्ती ओतणाऱ्या या कवीचे पहिले धडे ज्या परिसरात गिरवले गेले, तेथेच शतकानंतर एक मराठी ख्रिस्ती कुटुंब विठ्ठलाच्या नावाच्या वाडीत राहायला आले, आणि आपल्या पत्त्यात ते नाव गेली कित्येक वर्षे विनासंकोच लिहिते आहे. पाळकबाबांना पत्राच्या माथ्यावर काय लिहावे याचा जो पेच पडला होता, तो त्यांच्या पणत्यांना उरलेला नाही.

तो पेच लहान नव्हता. मराठी पत्राला मायना असतो. माथ्यावर ‘श्री’, मग नात्याप्रमाणे ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘गंगाभागीरथी’, मग साष्टांग नमस्कार किंवा अनेक आशीर्वाद, शेवटी ‘कळावे’. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द धर्मकल्पनेतून आलेला आहे. धर्म बदललेल्या माणसाने बापाला ‘तीर्थरूप’ म्हणावे की नाही? म्हणावे तर नव्या श्रद्धेशी प्रतारणा. न म्हणावे तर बापाचा अपमान. पाळकबाबांच्या मुलाला लिहिलेल्या पत्रांत ‘श्री’ नाही. तथापि त्याची जागा आहे. कागदाच्या माथ्यावर, बरोबर मध्यावर, दोन बोटे रुंदीचा भाग प्रत्येक पत्रात कोरा सोडलेला आहे, आणि मोडीची आडवी रेघ त्याखालून सुरू होते. मनाने सोडलेले अक्षर हाताने सोडले नाही, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. तो आवरता घेऊन एवढेच म्हणावे की पत्रालाही एक ठरलेले आसन असते. लिहिणारा त्यावर बसतो तेव्हा कसे बसावे हे त्याआधीच ठरलेले असते.

म्हणजे पत्रालाही स्टुडिओ आहे. छायाचित्राच्या स्टुडिओत जसे रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहायचे, एक हात खुर्चीच्या पाठीवर आणि दुसरा ग्रंथावर ठेवायचा, तसे पत्रात मायन्यापासून ‘कळावे’पर्यंतच्या चौकटीत उभे राहायचे. पाळकबाबांचे चित्र चौकटीच्या सर्व अटी पाळते. ते सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच अशा, १८६६ नंतर रूढ झालेल्या मोठ्या आकाराच्या पुठ्ठ्यावर आहे. अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग आणि चांदीचे क्षार यांनी तयार केलेला कागद आता चहाच्या रंगाचा झाला आहे. डोक्याला पागोटे, अंगात लांब काळा कोट, हाताखाली बायबल. गोऱ्या पाद्र्यांच्या आणि त्यांच्या उभे राहण्यात तसूभर फरक नाही. सहा चित्रे ओळीने पाहिली तर सहा माणसे दिसण्याऐवजी एक पद दिसते.

येथपर्यंत ती ठरून गेलेली वाटणी ठीक चालते. पण पाळकबाबांच्या बुटांमागे, जमिनीलगत, एका लोखंडी पायाचे टोक दिसते. त्या काळी प्रतिमा उमटण्यास काही सेकंद लागत, तेवढा वेळ मान हलू नये म्हणून उभ्या माणसाच्या मागे लोखंडी टेकू उभा करीत. त्याचा चिमटा डोक्यामागे लपे, पण बैठक लपवणे पुष्कळदा राहून जाई. पाळकबाबांच्या त्या धीरगंभीर स्थैर्यामागे तीन पायांचा एक लोखंडी खांब आहे. चित्र आपले सोंग स्वतःच सांगते. रोलाँ बार्थ यांनी ‘कॅमेरा ल्युसिडा’त (१९८०) छायाचित्रातील अशा बोचणाऱ्या तपशिलाला वेगळे नाव दिले आणि त्याला सर्वसामान्य सांस्कृतिक आशयापासून निराळे काढले. मात्र बार्थ यांचा तपशील पाहणाऱ्याच्या खाजगी मनाला बोचतो. हा लोखंडी पाय कोणालाही दाखवता येतो, आणि तो पहिल्यांदा कोणी पाहिला हेही या घरापुरते सांगता येते.

त्यासाठी गाठोड्याकडे वळले पाहिजे. पाळकबाबा मोडी लिहीत. त्यांच्या पिढीतला लिहिता माणूस मोडीच लिहीत असे. टाक न उचलता, आधी ओढलेल्या रेघेला अक्षरे लटकवीत जाणारी ही लिपी हाताची होती, छापखान्याची नव्हती. श्रीरामपूरला विल्यम केरीने १८१० मध्ये मोडीचे खिळे पाडून मराठी कोश छापला खरा. पण पुढे छपाई बाळबोधात स्थिरावली, आणि मिशनच्या शाळांतून, विशेषतः मुलींच्या शाळांतून, छापील पुस्तकांवर शिकलेल्यांना बाळबोधच येई. पाळकीणआजी अशाच एका शाळेत, लग्नानंतर आणि बाप्तिस्म्यानंतर, अक्षरे शिकल्या. मुलाला जाणाऱ्या पाळकबाबांच्या पत्रांच्या समासात, कागद आडवा धरून, त्यांनी दोन-दोन तीन-तीन ओळी जोडल्या आहेत. अक्षर मोठे, वाकडे, प्रत्येक अक्षर सुटे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. या घरातही ती पुढच्या पिढ्यांना येईना. त्याचा परिणाम असा झाला की पाळकबाबांची उपदेशपर, शास्त्राधार देणारी, पानभर चालणारी पत्रे त्यांच्याच वंशजांना चिनी लिपीइतकी परकी झाली, आणि वाचता येत राहिल्या त्या फक्त समासातल्या ओळी. दोन पिढ्या या कुटुंबाने ही पत्रे वाचली ती अशी: मध्यभाग सोडून, कडेने. दोऱ्याची रिळे धाडून दे. ओल्या फरशीवर निजू नको. धाकटीला ताप होता, आता उतरला. मुलांना ह्या ओळी पाठ होत्या. ज्या बाईचे छायाचित्र काढावे असे कोणाला वाटले नाही, तिचा आवाज घरात चालू राहिला, आणि ज्यांचा चेहरा भिंतीवर होता ते पाळकबाबा मुके झाले. परिघ आणि केंद्र यांविषयी आपल्या समीक्षेत बरीच चर्चा झाली आहे. एका लिपीच्या ऱ्हासाने ही उलथापालथ किती सहज घडवून आणली, हे पाहण्यासारखे आहे.

समासातल्या त्या ओळींपैकी एक छायाचित्राविषयी आहे. मुलाकडे चित्राची एक प्रत धाडल्यानंतरच्या पत्रात आजी लिहितात, त्याचा आशय असा की तुझ्या वडिलांच्या मागे फोटोवाल्याने लोखंड उभे केले आहे, ते पाहून मला हसू आले. घरात ते असे कधी उभे राहत नाहीत. त्या चित्रावरचे हे पहिले भाष्य. प्रतिमा रचलेली आहे, तिची रचना कोठे उघडी पडते आणि रचनेबाहेरचा माणूस निराळा आहे, ही तीनही निरीक्षणे त्यात आहेत.

विठ्ठलवाडीच्या या घरातील मुलीने आपल्या प्रबंधिकेसाठी हाच विषय घेतला: एतद्देशीय पाळकांची पत्रे आणि आत्मनिवेदने यांतील निवेदकाचे स्थान. विषय घेण्यास सबळ कारण होते. छापील सामग्री सर्वांच्या परिचयाची आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये आले; लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या वर्षांत. परंतु एतद्देशीय पाळकांच्या खाजगी पत्रव्यवहाराची स्थिती फार विषम आहे. मिशनऱ्यांनी मायदेशी पाठवलेली पत्रे व अहवाल मायदेशांतील ग्रंथालयांत सुस्थितीत आहेत: अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, अहमदनगरच्या ह्यूम घराण्याची येलला, स्कॉटिश मिशनची एडिंबरोला. ज्यांनी एकमेकांना मराठीत लिहिले त्यांची पत्रे पलंगाखालच्या पेट्यांत आहेत, किंवा नाहीत. पहिल्या संग्रहात एतद्देशीय पाळक हा अहवालाचा विषय असतो. दुसऱ्यात तो बाप, नवरा, भाऊ असतो.

निवृत्त लेखनिक असलेल्या एका मोडीवाचकांनी चार रविवार घरी येऊन पत्रे वाचून दाखवली. आत्या ऐकत होत्या, भाची लिप्यंतर करीत होती. मुलाला लिहिलेली पत्रे झाली; मग ती दोन जुनी पत्रे निघाली. ती पाळकबाबांच्या बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षातील आहेत. पत्नी तेव्हा माहेरी होती आणि नवऱ्याकडे जाण्यास तयार नव्हती. घरात आजवर सांगितले जात होते ते असे की दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. पत्रे वेगळे सांगत होती. दुसरे पत्र पुरे होण्याआधीच आत्यांनी वाचकांना थांबण्याची विनंती केली, चहा दिला, आणि पुढच्या रविवारचे काम राहू द्या म्हणून सांगितले.

भाचीच्या दृष्टीने तेथे प्रबंधिकेचे मुख्य प्रकरण हाती आले होते. धर्मांतराचा निर्णय एकाचा, त्याचा भार दुसऱ्यावर, आणि त्या दुसऱ्याने घेतलेला अवधी: टिळक दांपत्याच्या बाबतीत हा अवधी १८९५ ते १९०० असा पाच वर्षांचा होता आणि तो आपल्याला लक्ष्मीबाईंनीच सांगितला म्हणून कळला. येथे त्याच्या एक पिढी आधीचा पुरावा मूळ हस्ताक्षरात होता. आत्या मात्र ही दोन पत्रे देण्यास तयार नव्हत्या. त्यांचे म्हणणे थोडके होते. “अगं, त्या वेळी तिला मोडी कुठे वाचता येत होती? माहेरच्या कुणीतरी वाचून दाखवली असणार, चारचौघांसमोर. एकदा परक्यांनी वाचली तेवढी पुरे झाली.”

या बोलण्यात लाजेपेक्षा अधिक काही आहे. पत्नीला अक्षरओळख नाही, आणि पत्र मोडीत आहे, याचा अर्थ लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते की हे पत्र सासरा किंवा मेहुणा वाचणार. म्हणजे संग्रहातील सर्वांत खाजगी मानावी अशी ही दोन पत्रे मुळात जाहीर वाचनासाठीच लिहिलेली होती. त्यांतली आर्जवे, शपथा, शास्त्राधार हे सर्व तिच्या कानांसाठी जेवढे, तेवढेच वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठीही. येथे पाळकबाबांच्या मानेमागे लोखंडी टेकू नव्हता. त्याच्या जागी सासऱ्याची नजर होती. भाचीने प्रबंधिकेच्या आराखड्यात या पत्रांना ‘अंतरंगाचा पुरावा’ म्हटले होते. आत्यांनी एका वाक्यात त्या पुराव्याचे स्वरूप बदलून टाकले. पत्रे खोटी ठरली असे नाही. पण ती काय दाखवू शकतात आणि काय नाही, याची मर्यादा स्पष्ट झाली. तिचे उत्तर त्यांत नाही. ते तिने कोणाकडून तरी लिहून घेतले असेल किंवा मुळीच दिले नसेल.

तरीही आत्यांचा निर्णय निर्विवाद मानता येत नाही. भाचीने घातलेला वादही तितकाच खरा आहे: “आत्या, तू आजीला झाकतेस की बाबांना?” कुटुंबांनी अशीच पत्रे झाकून ठेवली म्हणून त्या काळच्या स्त्रियांचा नकार इतिहासात नोंदला गेला नाही. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जपला, जुळवला, आणि तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. म्हणूनच, चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही या प्रश्नावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी केलेला विरोध, आणि त्यावर रमाबाईंनी आपल्या स्वातंत्र्याचा केलेला बचाव आज वाचता येतो. बिशपांच्या छायाचित्रांतून हे कधीच कळले नसते. जपणारीचा रमाबाईंशी मतभेद होता, आणि तो तिच्या टीपांतूनही लपत नाही. पण तिने विरोधातली पत्रे फाडली नाहीत. त्या न्यायाने पाळकीणआजींचे ते एक वर्षही उजेडात यायला हवे.

फरक एवढाच, की रमाबाईंच्या संग्रहात रमाबाईंची पत्रे आहेत. लक्ष्मीबाईंनी तर पत्रांच्या आधाराची वाट न पाहता आपली गोष्ट स्वतः सांगितली, कोठे हसायचे आणि कोठे थांबायचे हे स्वतः ठरवले. येथे पाळकीणआजींच्या नकाराबद्दल जे काही आहे ते नवऱ्याच्या हातचे आहे. तो नकार प्रकाशात आणायचा तर तो त्यांच्या शब्दांत, त्यांच्या मोडीत, त्यांच्या आर्जवांतूनच आणावा लागेल. स्त्रीचा आवाज शोधायला निघालेली अभ्यासक पुन्हा पुरुषाच्याच मजकुराचे लिप्यंतर करून थांबेल, ही शक्यता भाचीलाही नाकारता आली नाही. उलट, आजींचे स्वतःचे म्हणता येईल असे जे शब्द आहेत ते समासात आहेत; आणि ते कोणी झाकलेले नाहीत.

ही उपपत्ती मान्य करणे एक, आणि तिची किंमत मोजणे दुसरे. प्रबंधिकेचे तिसरे प्रकरण लिहून झाले होते. मार्गदर्शकांचे मत असे पडले की मूळ पत्रे उद्धृत करता येत नसतील तर त्यांवर आधारलेले एकही विधान प्रबंधिकेत राहता कामा नये. ऐकलेल्या गोष्टीला संदर्भ देता येत नाही. शास्त्रदृष्ट्या ते बरोबरच होते. मुलीने प्रकरण काढून टाकले आणि समासातील ओळींवर नवे लिहायला घेतले. पण एकदा ऐकलेले न ऐकलेले करता येत नाही. दोऱ्याच्या रिळांविषयीची ओळ वाचताना, ती लिहिणारी बाई कोणे एके काळी माहेरी बसून राहिली होती, ही गोष्ट तिला आता ठाऊक आहे, आणि लिहिता येत नाही. प्रत्येक अभ्यासकाच्या लेखनामागे असे काही न लिहिलेले असतेच. बार्थ यांनी आईच्या बालपणीच्या छायाचित्रावर त्या ग्रंथाचा उत्तरार्ध उभा केला आणि ते छायाचित्र मात्र छापले नाही. तेथे झाकणारा आणि लिहिणारा एकच होता, म्हणून त्याला शैलीचा मान मिळाला. येथे झाकणारी एक, लिहिणारी दुसरी, आणि दोघी एकाच स्वयंपाकघरात.

यातून अभ्यासपद्धतीविषयी काही सांगता येईल. कौटुंबिक संग्रह हा खाणीसारखा, उपसून घेण्यासाठी पडून असलेला, नसतो. काय ठेवायचे, कशात बांधायचे, कोणते भिंतीवर लावायचे आणि कोणते पलंगाखाली सरकवायचे, हे ठरवणाऱ्या माणसांनी त्याचे वाचन अभ्यासक येण्यापूर्वीच केलेले असते. या घराने पाळकबाबांचा चेहरा दाखवण्यासाठी ठेवला, आजींचे अक्षर मुलांना वाचण्यासाठी ठेवले, आणि दोन पत्रे, त्यांत काय आहे हे न कळताही, वेगळी घडी करून ठेवली. ती पहिली घडी कोणी घातली असेल? बहुधा आजींनीच, अक्षरे शिकण्याच्या कितीतरी आधी. स्वतःला वाचता न येणारी पत्रे त्यांनी जन्मभर सांभाळली, ही त्या पत्रांविषयीची सर्वांत विश्वसनीय माहिती आहे, आणि ती पत्रांच्या मजकुरात नाही. ठेवणे ही त्यांना उपलब्ध असलेली लेखनाची एकमेव रीत होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. मग त्यांनी ती कोणासाठी ठेवली, हा प्रश्न आत्यांच्या बाजूने आणि भाचीच्या बाजूने, दोन्हीकडून विचारता येतो. त्याचे उत्तर त्या घडीत मिळत नाही.

इमारत रिकामी होण्यापूर्वी पेटीची वाटणी झाली. सहाही छायाचित्रांच्या संगणकीय प्रती बंधूंनी नातेवाइकांना धाडल्या. मूळ आल्बम त्यांच्याकडे राहील. पाळकबाबांचे चित्र नव्या जागेत लावताना भावजयीने जुनी चौकट मोठी पडते म्हणून खालचा भाग दुमडायला सुचवले, तेव्हा मुलीने ते होऊ दिले नाही. लोखंडी पाय दिसला पाहिजे, एवढेच ती म्हणाली. मुलाला लिहिलेली व इतर पत्रे, लिप्यंतरासह, एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागाकडे देण्याचे ठरले. त्यासाठीची सूची भाचीने केली, शुद्धलेखन आत्यांनी तपासले. चाळीस वर्षे वह्या तपासल्याची सवय. सूचीत त्रेचाळीस क्रमांक आहेत. पहिल्या दोहोंपुढे मजकुराचा रकाना कोरा ठेवावा असे भाचीचे मत होते. तो कोरा ठेवला तर गहाळ झाली असे लोक समजतील, असे आत्या म्हणाल्या. बराच वेळ चर्चा होऊन अखेर आत्यांनीच आपल्या हाताने, बाळबोधात, तेथे लिहिले: पतीकडून पत्नीस, मोडी, दोन पत्रे, कुटुंबाकडे.